पाटीवर ‘कॉन्व्हेंट’, अभ्यास व्हॉट्सॲपवर: शाळा बंद असते तेव्हा खाप्याच्या पालकांनी शाळेकडून काय मागावं?

अतिवृष्टीमुळे जुलै २०२५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी जाहीर करावी लागली. उन्हाळा लांबतो म्हणून विदर्भातल्या शाळा तशाही उशिरा उघडतात. २०२५ मध्ये त्या २३ जूनला सुरू झाल्या, उर्वरित राज्याच्या आठवडाभर नंतर. कधी पाऊस, कधी ऊन, कधी साथ. शाळेचं दार बंद राहिलं की पालकांच्या फोनवर आता एक गोष्ट हमखास येते: व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठाचा फोटो.

तो फोटो आला म्हणजे शाळेचं काम झालं का?

खाप्यासारख्या गावात हा प्रश्न जास्त टोकदार आहे. सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीकाठचं हे नगर परिषदेचं गाव. जुनी ओळख हातमागाची. आसपास मॉइलची गुमगाव मँगनीज खाण, सावनेर पट्ट्यात कोळशाच्या खाणी, संत्र्याच्या बागा. घरातली मोठी माणसं पाळीवर, मागावर किंवा शेतात असतात. मूल मात्र पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातं. ती शाळा घरात आली तर तिला कोण सांभाळणार, याचं उत्तर ठरलेलं नसतं.

इथे ख्रिस्ती शाळांचा विषय येतो, कारण इंग्रजी शाळा आणि ‘मिशनरी शिस्त’ ही जोडी विदर्भातल्या पालकांच्या मनात पक्की बसलेली आहे. पण आधी एक गोंधळ दूर करायला हवा.

‘कॉन्व्हेंट’ म्हणजे ख्रिस्ती शाळाच का?

नाही. नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द सरसकट इंग्रजी बालवाडीला आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेला वापरतात. ‘पोरगं कॉन्व्हेंटमध्ये टाकलं’ याचा अर्थ इतकाच की ते जिल्हा परिषदेच्या किंवा नगर परिषदेच्या मराठी शाळेत नाही. देवादिकांची, संतांची, राष्ट्रपुरुषांची नावं लावून पुढे ‘कॉन्व्हेंट’ लिहिलेल्या पाट्या विदर्भात गावोगावी दिसतात. या शाळा चालवणाऱ्या संस्थांचा चर्चशी काही संबंध नसतो.

मूळ अर्थ वेगळा आहे. कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती सिस्टरांचा मठ. त्या मठाच्या आवारात चालणारी शाळा ती कॉन्व्हेंट शाळा. नागपूर शहरात चर्चने चालवलेल्या शाळांची परंपरा जुनी आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. त्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. कॅथलिक संस्थांच्या शाळा सदर भागात एकोणिसाव्या शतकातच उभ्या राहिल्या. या शाळांचं नाव झालं, आणि ते नाव पाटीवर उसनं घेण्याची पद्धत पडली.

नाव उसनं घेणं बेकायदा नाही. पण पाटी बघून शाळेबद्दल काही गृहीत धरणं पालकांना महागात पडू शकतं.

मग शाळा खरंच ख्रिस्ती असेल तर कायद्याने काय बदलतं?

बरंच काही. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. ख्रिस्ती संस्थेने चालवलेल्या शाळेला अल्पसंख्याक दर्जा मिळाला की काही नियम तिला लागू होत नाहीत.

पालकांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक आरटीईचा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळेला सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. अल्पसंख्याक शाळांना हे बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं. ६ मे २०१४ च्या ‘प्रमाती’ निकालात पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की, अनुदानित असो वा विनाअनुदानित, अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू होत नाही.

हा विषय पुन्हा उघडला आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने ‘प्रमाती’च्या बरोबर असण्याबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रकरण मोठ्या पीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवलं. मोठ्या पीठाने वेगळा निकाल देईपर्यंत २०१४ चा निकालच चालतो.

म्हणजे खाप्यातल्या एखाद्या विणकराच्या किंवा खाणमजुराच्या मुलाला ‘कॉन्व्हेंट’ अशी पाटी असलेल्या बिगर-अल्पसंख्याक खासगी शाळेत आरटीईतून मोफत प्रवेश मिळू शकतो. खऱ्याखुऱ्या चर्चच्या शाळेत मात्र तो हक्क म्हणून मागता येत नाही. तिथे फी-माफी मिळते ती संस्थेच्या धोरणावर. अनेक चर्च-संस्था ती देतातही, पण ती द्यायला कायद्याने बांधलेल्या नाहीत. म्हणून प्रवेश घेतानाच कार्यालयात विचारावं: शाळेकडे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आहे का? यूडायस क्रमांक काय? या क्रमांकावरून शाळेचं व्यवस्थापन, माध्यम आणि वर्ग यांची नोंद सरकारी पोर्टलवर पाहता येते.

ऑनलाइन वर्गात प्रार्थना असेल तर?

शाळेच्या हॉलमध्ये होणारी प्रार्थना घरातल्या फोनवर आली की काही पालकांना ती वेगळी वाटते. घटनेचं कलम २८(३) इथे स्पष्ट आहे. शासनमान्य किंवा शासनाचा निधी घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. वर्ग शाळेत भरला की फोनवर, यामुळे हा नियम बदलत नाही. गणिताच्या तासाआधी प्रार्थनेचा व्हिडिओ येत असेल आणि तो नको असेल, तर तसं लेखी कळवणं पुरेसं आहे. त्यावरून मुलाचा तास बुडवता येणार नाही.

मिशन शाळा घरापर्यंत पोहोचायच्या, त्या कशा?

‘दूरस्थ शिक्षण’ हा शब्द नवा, पण शाळेत येऊ न शकणाऱ्या माणसापर्यंत शिक्षण नेण्याचा प्रयत्न मिशनऱ्यांनी इंटरनेटच्या कितीतरी आधी केला होता. त्यांना तो करावाच लागला. एकोणिसाव्या शतकात मुली आणि सुना शाळेत येत नव्हत्या. मग मिशनच्या बायका घरी जायला लागल्या. याला ‘जनाना मिशन’ म्हणत. दुपारच्या वेळी, घरातली कामं आटोपल्यावर, माजघरात बसून अक्षरं, शिवण आणि सोबत बायबलमधल्या गोष्टी. धर्मप्रसाराचा हेतू उघड होता आणि त्यामुळे अनेक घरांची दारं बंदही झाली. पण शिकवणारी व्यक्ती घरात यायची, शिकणारीला कुठे अडलं ते समोर बघायची. पद्धत म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरा मार्ग टपालाचा. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. पुढे १८७० च्या दशकात मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक निघालं. गोष्टी, चित्रं, सामान्य ज्ञान. मराठीत मुलांसाठी निघालेल्या सुरुवातीच्या मासिकांपैकी हे एक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा हात या दोन्ही नियतकालिकांच्या संपादनात होता. ज्या गावात शाळा नाही तिथे महिन्याचा अंक पोहोचत होता. त्या काळातला पीडीएफ म्हणा हवं तर. फरक एवढाच की तो मराठीत होता आणि घरातलं वाचता येणारं कोणीही तो इतरांना वाचून दाखवू शकत होतं.

तिसरा मार्ग याच्या बरोबर उलटा: वसतिगृह. शाळा घरी नेण्याऐवजी मुलालाच शाळेजवळ आणायचं. विदर्भातल्या आदिवासी भागांत मिशनच्या आणि सरकारी वसतिगृहांनी हेच केलं. मार्च २०२० मध्ये नेमका हाच मार्ग बंद झाला. वसतिगृहं रिकामी झाली आणि मुलं अशा पाड्यांवर परतली जिथे रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं.

२०२० मध्ये नेमकं काय झालं?

१६ मार्च २०२० पासून राज्यातल्या शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं ते ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या घोषणेसह. दीक्षा ॲप आलं, बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड कामाला आले, सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ लागलं. खासगी शाळांनी व्हिडिओ वर्ग सुरू केले.

लहान मुलांनी किती वेळ स्क्रीनसमोर बसावं, यावर राज्याने २२ जुलै २०२० रोजी सुधारित मर्यादा घातल्या. पहिली-दुसरीला रोज ३० मिनिटांची दोन सत्रं, तिसरी ते आठवीला ४५ मिनिटांची दोन, नववी ते बारावीला ४५ मिनिटांची चार.

कागदावर हे आटोपशीर दिसतं. आता एक घर घ्या. तीन मुलं: दुसरीत एक, पाचवीत एक, नववीत एक. दुसरीचे ६० मिनिटं, पाचवीचे ९०, नववीचे १८०. एकूण ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. फोन एकच. साध्या दर्जाच्या व्हिडिओ वर्गाला तासाला अर्धा जीबी धरला तरी रोज पावणेतीन जीबी लागतात, आणि बहुतेकांच्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड जीबी असायचा. शिवाय तो फोन सकाळी पहिल्या पाळीला वडिलांबरोबर खाणीवर जाणार. हा हिशेब कुठल्याच ॲपने सुटत नाही.

हे काल्पनिक घर अपवाद नव्हतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय. नंतर फोन झपाट्याने वाढले. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीत घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के झालं. पण त्याच २०२१ च्या पाहणीत स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. फोन घरात असणं आणि मुलाच्या हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फोन आणि डेटा मिळाला की प्रश्न सुटतो का?

इथे इंग्रजी शाळांची खरी अडचण सुरू होते. ती फारशी बोलली जात नाही.

मराठी शाळेतल्या दुसरीच्या मुलाचं पुस्तक घरात बहुधा कोणीतरी वाचू शकतं. आई सातवी-आठवी शिकलेली असली तरी ‘इथे काय लिहिलंय’ एवढं सांगू शकते. इंग्रजी माध्यमाच्या मुलाच्या आईला तेच पुस्तक उघडता येतं, वाचता येत नाही. रोजच्या शाळेत ही दरी झाकली जाते, कारण मूल सहा तास शिक्षकांसमोर असतं आणि उरलेलं ट्यूशनवाल्या ताईंकडे भागतं. शाळा बंद झाली, ट्यूशनही बंद झाली, की दरी उघडी पडते. व्हॉट्सॲपवर इंग्रजी वर्कशीटचा फोटो येतो. आई हातमागाच्या कांड्या भरता भरता तो बघते आणि मुलाला म्हणते, ‘तूच बघ.’ खापा आणि शाळा यांच्यातलं सगळ्यात मोठं अंतर हे आहे. व्हॅनचं भाडं भरून ते कमी होत नाही.

चर्चच्या शाळा असोत की नुसत्या पाटीच्या कॉन्व्हेंट, त्यांची दूरस्थ शिक्षणाची परीक्षा इथेच होते. पालकाला कळेल अशा भाषेत, पालकाला जमेल असं काम शाळा सांगते का? ‘रीड चॅप्टर फोर अँड आन्सर’ असं लिहिणं सोपं. ‘आज मुलाकडून घरातल्या दहा वस्तूंची इंग्रजी नावं तोंडी म्हणवून घ्या, ऑडिओ पाठवला आहे, तो आधी ऐकवा’ असं मराठीत सांगायला शिक्षकाला वेळ द्यावा लागतो. पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज एखाद्या एमबीत जातो. महागड्या प्लॅटफॉर्मची गरज नाही.

नागपूर विभागातला रेडिओ-प्रयोग काय होता?

या बाबतीतलं चांगलं उदाहरण खाप्याच्या अगदी जवळचं आहे. २०२० मध्ये नागपूर विभागीय आयुक्त कार्यालय, आकाशवाणीचं नागपूर केंद्र आणि ‘प्रथम’ ही संस्था यांनी मिळून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या विभागातल्या मुलांसाठी. थोड्या मिनिटांचा कार्यक्रम, घरातल्या वस्तू वापरून करायच्या छोट्या कृती, आणि सोबत फोनवर मेसेज.

कार्यक्रम मुलांसाठी असला तरी त्याची बांधणी घरातल्या मोठ्या माणसाला धरून होती. ऐकायला स्मार्टफोन लागत नव्हता. आजीही मुलासोबत बसून ऐकू शकत होती. रेडिओची मर्यादा उघड आहे: तो एकतर्फी असतो, मुलाला समजलं का हे त्याला कळत नाही. म्हणून मेसेज आणि गावातले स्वयंसेवक ही जोड लागली.

हा कार्यक्रम कुठल्या चर्चच्या शाळेचा नव्हता. सरकार, प्रसारण केंद्र आणि स्वयंसेवी संस्था यांचा होता. पण घरी जाऊन शिकवण्याच्या ज्या जुन्या पद्धतीवर मिशन शाळांचं नाव झालं, तिच्या जवळ जाणारं काम त्या वर्षी आकाशवाणी करत होती.

शिक्षकाचा फोन कॉल खरंच उपयोगी पडतो?

यावर ठोस पुरावा आहे, आणि तो आफ्रिकेतून येतो. बोत्स्वाना देशात २०२० मध्ये शाळा बंद असताना साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताचे एसएमएस पाठवले. काहींना एसएमएस आणि सोबत शिक्षकाचा सुमारे २० मिनिटांचा फोन. कॉलमध्ये पालक आणि मूल दोघेही लाऊडस्पीकरवर. उरलेल्या घरांना काहीच नाही.

निकाल असा आला की फोन आणि एसएमएस मिळालेल्या मुलांचं गणित स्पष्टपणे सुधारलं. नुसते एसएमएस मिळालेल्या मुलांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’ या शोधपत्रिकेत आला. पुढे हीच पद्धत भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा या पाच देशांत तपासली गेली आणि तिथेही कॉलचा फायदा दिसला.

व्हॉट्सॲपवरचा फोटो हा एसएमएसचाच भाऊ. त्याला कोणी ‘कुठे अडलं?’ असं विचारत नाही.

शाळांना हे परवडेल का? वर्गात ४० मुलं, प्रत्येकाला आठवड्यातून २० मिनिटं, म्हणजे ८०० मिनिटं. तेरा तास वीस मिनिटं. पाच दिवसांत वाटले तर रोज पावणेतीन तासांहूनही कमी. शाळा बंद असताना शिक्षकाच्या दिवसात हे बसतं. दोन दिवसांच्या पावसाळी सुट्टीत अर्थातच कोणी असे कॉल करणार नाही आणि करूही नयेत. सुट्टी आठवड्यापलीकडे गेली, किंवा एखादं मूल आजारपणाने महिनाभर घरी असलं, की त्याची गरज पडते. आजारी मुलाच्या बाबतीत तर आठवड्याला एकच कॉल करायचा असतो, चाळीस नाहीत. तोही किती शाळा करतात, हे पालकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावं.

जे बुडालं ते भरून निघालं का?

‘असर’च्या ग्रामीण पाहणीनुसार देशात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आलं. आधीच कमी असलेला आकडा आणखी खाली. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल २०२५-२६ या वर्षी सहावीत आहे. अक्षरओळख व्हायच्या वयात ते वर्गात बसलंच नाही. ती ओळख घरच्यांनी करून दिली असेल तर झाली.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. सहा ते चौदा वयोगटात सरकारी शाळांतली नोंदणी २०२० मधल्या ६५.८ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ७०.३ टक्क्यांवर गेली. कारणं अनेक असतील, पण बंद शाळेची फी भरण्यापेक्षा गावातल्या सरकारी शाळेत नाव घातलेलं बरं, हा हिशेब कुठल्याही घराला समजण्यासारखा आहे.

बंद शाळेची पूर्ण फी द्यायची का?

३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या खासगी शाळांच्या प्रकरणात निकाल दिला. शाळा बंद असल्याने संस्थांचा खर्च वाचला आहे, तेव्हा २०२०-२१ च्या फीमध्ये १५ टक्के सूट द्यावी आणि उरलेली हप्त्यांनी घ्यावी. फी थकली म्हणून मुलाला ऑनलाइन वर्गातून काढू नये, निकाल अडवू नये, असंही बजावलं. महाराष्ट्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ रोजी २०२१-२२ साठी १५ टक्के कपातीचा आदेश काढला.

हे दोन्ही त्या वर्षांपुरते होते. पुढे शाळा लांब बंद राहिली तर आपोआप सूट मिळेल असं नाही. सहावी-सातवीतल्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत न्यायचं असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून ती शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. थकीत फीसाठी दाखला अडवून धरणाऱ्या शाळेपुढे पालक अनेकदा या माहितीअभावी नमतात.

घरबसल्या परदेशी ख्रिस्ती शाळेची जाहिरात दिसते. ती चालते का?

फोनवर अशा जाहिराती येतात: घरून शिका, ख्रिस्ती मूल्यं, अमेरिकन अभ्यासक्रम. अमेरिकेत ही मोठी व्यवस्था आहे. १९७० मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेला ‘ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’ हा त्यातला प्रसिद्ध अभ्यासक्रम. मूल छोट्या पुस्तिका स्वतः सोडवत आपल्या गतीने पुढे जातं.

यात विचारायचा प्रश्न धर्माचा नसून प्रमाणपत्राचा आहे. भारतात पुढच्या प्रवेशासाठी मान्यताप्राप्त मंडळाची दहावी-बारावी लागते. परदेशी मंडळाच्या प्रमाणपत्राला समकक्षता लागते, आणि ती भारतीय विद्यापीठ संघाकडून तपासून घ्यावी लागते. ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ एवढ्या शब्दांवर पैसे भरू नयेत. कुठल्या मंडळाची मान्यता, हे लेखी घ्यावं.

घरूनच शिकायचं असेल तर देशातले रस्ते आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून चालते. महाराष्ट्राचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, ज्यातून पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या परीक्षा देता येतात. बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला २०१२ च्या दुरुस्तीने घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला आहे. टपालाने चालणारे बायबलचे अभ्यासक्रमही मराठीत आहेत. ते श्रद्धेसाठी घ्यायचे असतील तर जरूर घ्यावेत, पण त्यांच्या प्रमाणपत्रावर पाचवीतून सहावीत जाता येत नाही.

मग शाळेला काय विचारायचं, आणि तक्रार कुठे?

पालक सभेत, शाळा सुरळीत चालू असतानाच विचारावं. शाळा आठवड्याहून जास्त बंद राहिली तर माझ्या मुलाशी कोण बोलणार, आठवड्यातून किती वेळा? सूचना मराठीत मिळतील का? स्मार्टफोन नसलेल्या घरासाठी छापील कागद ठेवणार का, आणि तो कुठून न्यायचा? सकाळी फोन घरात नसेल तर संध्याकाळी काय सोय? आजारी मुलाच्या बुडालेल्या तासांचं काय? एकट्या पालकाला उत्तर टोलवलं जातं, पंधरा पालकांना टोलवणं अवघड जातं.

फीबद्दल वाद असेल तर महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असावी लागते, आणि फी तिच्यासमोर ठेवावी लागते. आपल्या शाळेच्या समितीवर कोणते पालक आहेत, हे आधी शोधावं. त्यापुढे विभागीय शुल्क नियामक समिती, नागपूर. तिथे एकट्याने जाऊन उपयोग नाही, किमान २५ टक्के पालकांचा गट लागतो. दाखला, वर्गातून वगळणं किंवा प्रवेशाची अडवणूक असेल, तर खाप्याच्या पालकांसाठी पहिलं कार्यालय सावनेर पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांचं, आणि त्यानंतर नागपूर जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकाऱ्यांचं. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी.